एकोणीस बादल्या आणि एक घंटा

नाही, पण मला सांगा, नातीनं सख्ख्या आजोबाला असं पकडावं का? तेही भर शाळेत? बसा, बसा, त्या बाकावर बसा, जरा हलतो, पण पाडत नाही कुणाला. टाकी बघायला आलेली तुमची पाचवी शाळा! आणि दर वेळी आमच्या मोठ्या बाई म्हणतात, "काका, तुम्हीच सांगा हो पाहुण्यांना." मी! अहो, मी मुळात कमी बोलणारा माणूस. विचारा कुणालाही. आमची ही म्हणायची, यांच्यापेक्षा भिंतीशी बोललेलं बरं, निदान आवाज घुमून परत तरी येतो.

तर झालं काय... थांबा, आधी पंपाचं बटण दाबतो. हं. आता घंटा वाजेपर्यंत होईल माझं सांगून.

एकतीस वर्षं शिपाई आहे मी इथं. टाकी वर गच्चीवर, बटण हे असं खाली. मग टाकी भरली हे कळायचं कसं? माझी आपली एक युक्ती होती. टाकी भरून वाहायला लागली की पाणी सायकलींच्या छपराच्या पत्र्यावर पडायचं, तडतड तडतड! आवाज आला की झाडू खाली ठेवायचा आणि निघायचं बटण बंद करायला. आता मी असायचो पार त्या टोकाच्या वर्गात, गुडघे हे असले, वाटेत कुणाची बुटाची नाडी सुटलेली, ती बांधा, कुणाचं नाक पुसा... पोचायचो आपला! एकतीस वर्षांत टाकी कधी रिकामी राहिली? एक दिवस नाही! मग माझं काय चुकलं?

आणि यंदा पाणी आटलं. मोठ्या बाईंनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "मुलांनो, पिण्यापुरतंच पाणी आहे. मागच्या भिंतीजवळच्या झाडांचं पाणी एक तारखेपासून बंद." चाळीस झाडं हो! सहावीच्या पोरांनी स्वतः खड्डे खणून लावलेली, एकेकाला एकेक वाटून दिलेली. माझ्या नातीचं डाळिंब. घरी आली ती जेवली नाही, भिंतीकडं तोंड करून निजली. मी काय बोलणार? मी कमी बोलणारा माणूस. नुसता डोक्यावरून हात फिरवत बसलो.

दुसऱ्या दिवशी बघतो तर सहावीची पोरं वह्या घेऊन शाळाभर! पाणी जातं कुठं ते शोधायचं म्हणे. गळक्या नळाखाली वाटी, हात धुण्याच्या जागी पहारा, आणि माझ्या मागं मागं आमची नात. तिला आम्ही फौजदारच म्हणतो. "काका, फरशी पुसायला किती बादल्या?" हो, घरी मी आजोबा आणि फाटकाच्या आत काका, नियम तिचाच! मी म्हटलं, "दोन." "काल तीन होत्या." अशी!

आणि एका सकाळी पत्रा तडतडला. मी निघालो, दोन नाड्या बांधल्या, पोचलो... तर पत्र्याच्या पन्हाळीखाली हे एवढं पिंप, आणि भोवती अख्खी सहावी! मोजलं. एकोणीस बादल्या. रोजच्या! नात माझ्याकडं बघतेय, मी तिच्याकडं बघतोय, आणि वर पत्रा अजून टपटपतोय मेला.

दुपारी पोरं मोठ्या बाईंपुढं उभी. "हं, सापडलं का? कुठं जातं पाणी?" वही नातीच्या हातात, ओठ गच्च मिटलेले. "अगं, वाच की!" मान खाली. वहीवर टपकन थेंब पडला. अहो, एका बाजूला चाळीस झाडं, एका बाजूला म्हातारा, अकरा वर्षांच्या पोरीनं करावं काय? मी दाराशी होतो, पाण्याचा तांब्या घेऊन. म्हणालो, "बाई, पाणी मी सांडतो."

त्या खोलीत एकतीस वर्षांत मी बोललेलं सगळ्यात मोठं वाक्य! कमी बोलणारा माणूस हो मी!

आणि आमची फौजदार डोळे पुसत एका दमात, "बाई, काकांची चूक नाही, टाकीला तोंड नाही ही चूक आहे, तिला आपण घंटा देऊ!"

कुठली घंटा? माझी! विजेची आली तेव्हापासून अडगळीत पडलेली पितळी घंटा. मी आपला तिला अधूनमधून चिंच लावून... नाही, खोटं कशाला, दर शनिवारी पुसून ठेवायचो. आता ती बघा, टाकीत बंद डबा तरंगतो, पाणी चढलं की डबा चढतो, दांडीला टेकतो, दांडीला दोरी, दोरीला घंटा. पण गंमत पुढंच! डबा काठाच्या वीतभर खालीच टेकतो. का? तर नातीनं माझी चाल मोजली! टोकाच्या वर्गापासून बटणापर्यंत. दोन नाड्या आणि एक नाक धरून!

पहिल्या दिवशी घंटा वाजली तिसऱ्या तासाला. टण टण टण! शाळा सुटली समजून सगळी पोरं दप्तरं घेऊन पटांगणात, मागून मास्तर, आणि मोठ्या बाई पर्स काखेत घालून फाटकाशी! तेव्हापासून टाकी भरायची ती शाळा सुटल्यावरच.

पण पत्रा बघा. कोरडा! एक थेंब नाही. चाळीस झाडांना अर्धी अर्धी म्हणजे वीस बादल्या, आमच्याकडं एकोणीस. विसावी कुठली? फरशीची. तिसरी बादली बंद केलीय माझी फौजदारानं. आणि जाताना मागच्या भिंतीकडून जा हं, चाळीसच्या चाळीस उभी आहेत, डाळिंबाला तीन फुलं आलीत, लाल भडक, हात लावू नका, वहीत नोंद आहे त्यांची...

टण टण टण!

ऐकलंत? भरली. उठतो. काठोकाठ होण्याआधी टाकी गप्प करायची सोय केली पोरांनी... माझी तेवढी राहिली. मी आता असाच वाहणार, सहाव्या शाळेपुढंसुद्धा.