बापाच्या डोयातला थेंब

नाई, सुरय्याबाई, त्याले आता मी घरी नाई नेत. बसू द्या तिथीच शाळेच्या वऱ्हांड्यात. माहा बाप हाये म्हणून अकरा वरसं माह्या घरी ठेवलं, हात धरून फिरवलं त्याले — तलावावर, बजारात, मामाच्या मयतीले — मले वाटे, म्हातारपणानं आंधया झाला. आन् आज या डोयाच्या शिबिरात तुमच्या डॉक्टरानं माह्या डोयाले मशीन लावली, म्हणाले काचबिंदू हाये, गेली तेवढी नजर वापस येत नाई, घरात कोणाले व्हता का? तं हा बसल्या जागेवरून म्हणते, "मले व्हता. रीताच्या लग्नाच्या साली सांगतलं व्हतं, पोरायचेबी डोये तपासा म्हणून."

ऐकलं ना तुमी? माह्या लग्नाच्या साली. वीस वरसं झाले त्याले. काऊन नाई सांगतलं, ते समजते मले — खानदानात डोयाची बिमारी हाये म्हटलं तं कोण करते सोयरीक? पण सोता थेंब टाके ना तो! मूल गावच्या बजारातून बाटली आणे, जाळ्याच्या टोपल्यात लपवे. विचारलं तं म्हणे, कचरा गेला डोयात. मासोया धरणारा माणूस, जात असन कचरा — मीबी मानलं. माहेरी आली का माह्याच हातानं टाको मी त्याच्या डोयात थेंब. तवा तरी म्हणाचं ना, रीता, तुहेबी डोये दाखवून घेऊ. लगन तं झालं व्हतं माहं. मंग काऊन नाई म्हटलं?

दोन वरसं झाले, बाजूचं दिसत नाई मले. धानाच्या रोवण्यात शेजारच्या बाईच्या पायावर रोप रोवतो मी. बाया हासते. मीबी हासतो. सख्ख्या बापानं फसवलं, बाई, आता कोणावर भरोसा ठेवाचा?

काय लिहून राह्यल्या? लेकरं? एकच हाये, सीता, अठराची — थांबा. तिचं नाव नोका लिहू. येत्या आयतवारी गोंडपिपरीचे पाव्हणे येऊन राह्यले तिले पाहाले. तुमी गावात येसान, तिले बलावसान, डोयात बत्ती मारसान, झालं, गेली सोयरीक. लगन होऊ द्या तिचं, मंग मी सोता घेऊन येतो तिले. अशा काऊन पाहून राह्यल्या माह्याकडं? येतो म्हटलं ना, लगन झाल्यावर.

त्यानं तोंड इकडं केलं. सारं ऐकून राह्यला तो.

ऊठ बा, हात दे. लेकरं नाई म्हणून लिहा, बाई. आन् पुढच्याचं नाव घ्या, लाइन मोठी हाये.