वामनची सायकल अन् चिखलदऱ्याचा घाट

तुमी दमाच्या गोष्टी सांगून राहिले, पण दम म्हणजे काय ते मी आमच्या वामनजवळ पायलं.

उन्हाळ्यात चिखलदऱ्याचा घाट सायकलनं चढाचा, असं आमचं ठरलं. अख्खा हिवाळा तयारी. आमी अमरावतीच्या आखाड्यात बैठका मारो अन् घरी येऊन जिलबी हाणो. वामन मात्र आंगणात सायकल स्टँडवर लावून रोज पायडल मारत बसे.

"रस्त्यावर काहून नाही चालवत बे?"

"रस्त्यानं उतार लागते. स्टँडवर उतारच नाही!"

आमाले पटलं.

मग मोटारीच्या टपावर सायकली टाकून घाटाच्या पायथ्याशी परतवाड्याले उतरलो. वामननं स्टँड काढला, टांग मारली अन् धाडकन आडवा. उठला, पुन्हा आडवा. तवा कुठं समजलं, लेकाच्याले सायकल येतच नाही!

"आता घरी जाय, गड्या," मी म्हटलं.

"काहून? पाय त तयार हायेत ना?"

त्यानं हँडल धरलं अन् सायकलसंगं घाटात पयत सुटला. आमी सीटवर बसून दर वळणावर धापा टाकून राहिलो, अन् हा दिसेनासाच झाला.

जीभ बाहेर काढून आमी वर पोचलो. पायतो त काय, वामननं झाडाखाली सायकल स्टँडवर लावलेली, अन् मागचं चाक गरगर फिरून राहिलं. मी हातच जोडले.

"अबे, आता हे काय?"

"इथवर त पायदळच आलो ना," वामन म्हणे. "म्हटलं, तुमी येईपर्यंत थोडी सायकल चालवून घेऊ."