आमच्या वडावरचे हरियल

...आन् त्यात चहा धरून, बरं का! पोहे धरून! माणशी साडेतीन हजार! एका दिवसाचे! कायचे? तं कबुतर पाहाचे! तुम्हाले सांगते, मी पहिल्यांदा आयकलं तवा मले वाटलं का कबुतर घरी नेत असन पिंजऱ्यात घालून, नाहीतं मंग रस्सा करून वाढत असन... नाही जी! पाहाचं. फोटो काढाचा. आन् घरी जाचं. कबुतर तिथंच! साडेतीन हजार देऊन कबुतर तिथंच सोडून जातेत लोक, आन् वरून राजकुमारले म्हणतेत, थँक यू!

आता राजकुमार कोण, तं माह्या लहान बहिणीचा, हर्षाचा नवरा. नाकाडोंगरीले राहाते. म्हणजे आमच्या घरच्यायचा साडभाऊ. आन् आमच्या घरचे म्हणजे... नाव घेते, हसू नोका... सेवकरामजी. करडीले आमचं घर, धानाची शेती, दोन म्हशी, आन् घराच्या मांगं हा एवढा मोठा वड. आता दोन साडभाऊ म्हटलं का तराजूच असते पाहा. एक पारडं वर गेलं का दुसऱ्याच्या पोटात दुखाले लागते. राजकुमारनं पहिले कोंबड्या पाळल्या, त्या मेल्या. मंग डीजे घेतला, थो पहिल्याच वरातीत जळला. तवा सेवकरामजी कसे खूश! खूश म्हणजे... दुःखी चेहऱ्यानं खूश. माह्या मायच्या घरी गेले का पंख्याखालची जागा धराचे आन् राजकुमारले समजवाचे, "हे पाह राजकुमार, माणसानं कसं, एका धंद्यात पाय रोवून राहावं." स्वतः बापानं ठेवलेल्या धानाच्या बांधीत पाय रोवून उभे होते, दुसरं केलं होतं काय? पण बोलाले कोण पैसे मांगते!

आन् मंग हे कबुतर आलं मधात. हरियल म्हणतेत त्याले. हिरवं कबुतर. नाकाडोंगरीच्या जंगलाच्या कडेनं उंबर पिकले का झुंडीनं येतेत. कोणतातरी नागपूरचा पाहुणा आला, म्हणे मले हरियलची शूटिंग कराची आहे... शूटिंग म्हणजे कॅमेऱ्याची जी, कॅमेऱ्याले ही एवढी हातभर नळी... राजकुमारनं जागा दाखवली. त्यानं दुसऱ्याले सांगतलं, दुसऱ्यानं तिसऱ्याले, आन् पाहता पाहता आमचा कोंबडीवाला 'गाइड' झाला! कपडे पाहा त्याचे, हिरवे, खिशेच खिशे! हर्षानं फ्रिज घेतला, दोन दारायचा. मले काही नाही त्याचं, मी आपली सांगून राहिली. एका दारानं दूध थंड होत नोहोतं का? जाऊ द्या. कबुतरच ना जी थे!

तं मागच्या फागुनात मायकडं जेवण होतं. माही माय, मंदाबाई. सारे जवाई बसले. माय वाढता वाढता थांबली आन् म्हणे, "सेवकरामजी, जरासे सरकता का तिकडं? राजकुमारजीले पंखा लागून नाही राहिला."

सरकता का! लग्नापासून ज्या पंख्याखाली बसले, तिथून सरकवलं माणसाले! सरकले बिचारे. ताट घेऊन सरकले. पण भात नुसता कालवत बसले. मंग हळूच इचारते, "काय रे राजकुमार, भाव काय लावला तू?"

राजकुमार कसा बोलते, तुम्हाले माहीत नाही. बोलतच नाही. इचारलं का पहिले घास चावते, मंग पाणी पिते, मंग म्हणते, "साडेतीन, दादा."

"साडेतीनशे?"

"हजार."

"कबुतराचे?"

"दिवसाचे."

बस! तीन-चार शब्दांत माणसाचं घर जाळलं त्यानं! येतांनी गाडीवर मी मांगं बसली होती, आन् सेवकरामजी समोरून वाऱ्यात वरडून राह्यले, "अवो धुरपता! आपल्या वडावर किती बसतेत माहीत आहे का तुले? किती फुकट बसतेत?" बसतेतच ना जी! सकाळी वडाच्या शेंड्यावर पिवळे पाय सोडून उन्हात बसतेत, आन् खाली सेवकरामजीची गाडी. रोज सीट पुसतेत ते! रोज शिव्या देतेत! त्या दिवशी सकाळी मात्र सीटवरची घाण पाहून काय म्हणावं या माणसानं? "अवो, पुसू नोको. हा आपला माल आहे."

माल! कबुतरच ना जी थे!

मंग काय, ठरलं. आपणही शूटिंग काढाची. राजकुमारच्या अर्ध्या भावात! त्याचे पोहे, तं आपलं जेवण, भात, वरण, वांग्याची भाजी. कोण कराची भाजी? मी! मले कोणी इचारलं? नाही! रस्त्यावर पाटी लावली, भल्ल्या मोठ्या अक्षरात... 'कबुतर शूटिंग. स्वस्तात. गाइडसह.'

दुपारपर्यंत काय व्हावं? शेजारचा धनीराम डबा घेऊन हजर! "सेवकरामभाऊ, दोन नग द्या. साफ करून." मी म्हटलं, बापा धनीराम, इथं कबुतर भेटत नाही, फोटो भेटते. थो म्हणे, "फोटोच्या रश्श्यात पोळी कशी बुडवू वहिनी?" थो गेला, तं वनरक्षक आला! मोटारसायकल लावली, पाटी वाचली, पुन्हा वाचली, आन् म्हणे, "बंदूक काढा." सेवकरामजीनं दोन्ही हात वर केले. जन्मात पहिल्यांदा! "सायेब, बंदूक नाही..." "मंग शूटिंग कायनं करता? हरियल आपला राज्यपक्षी आहे, माहीत आहे का? मारला तं आत जाल!" साऱ्या घराची झडती. भेटलं काय? तं फवारणीचा पंप. त्याची नळी पाहून साहेब जरासे थबकले होते, पण वासानं समजलं त्यायले. मंग मी चहा मांडला, सारं समजावून सांगतलं, थे बिचारे हसत गेले. आन् हे? हे वडाखाली जाऊन वर पाहून राह्यले. म्हणे, "राज्यपक्षी, अवो! राज्याचा पक्षी आपल्या गाडीवर... आन् राजकुमारले काय माहीत असन हे?"

पाटी बदलली. आन् खरंच, पाहुणे आले जी! नागपूरचे चंद्रकुमार साहेब, बँकेतून निवृत्त झालेले, आन् त्यायची मुलगी टीना. पाहाटेलेच गाडी दारात. आता तुम्हाले सांगते, आदल्या दिवशी या माणसानं काय केलं असन? वडाच्या बुडाले चुना लावला! नवरदेवावानी! आन् पाहुण्यायले नीट दिसलं पाहिजे म्हणून समोरच्या फांद्या छाटल्या. कोणत्या छाटल्या? ज्यायले फळं होते, थ्याच! मी म्हटलं, अवो, ज्या ताटात जेवाले येतेत थेच उचलता का? तं मले म्हणे, "तुले धंद्यातलं काय समजते?"

तरी आले बिचारे हरियल. शेंड्यावर बसले. ऊन आलं. कसे दिसत होते म्हणता! हिरवे, पिवळे, खांद्यावर थोडासा जांभळा रंग... टीनानं नळी वर केली, श्वास रोखला, आन् सेवकरामजी वरडले, "थे पाहा! थे पाहा म्याडम! थो डावीकडचा! हा आपला जुना आहे!"

भुर्रर्र!

गेले उडून. पुन्हा बसले. पुन्हा नळी वर. पुन्हा हे, "आता घ्या! आता घ्या!" भुर्रर्र! टीना म्हणे, "काका, जरा शांत राहता का?" "हाव हाव, शांतच आहो मी, माह्याइतका शांत माणूस पंचक्रोशीत भेटणार नाही, माहा साडभाऊ आहे एक, त्याच्या कोंबड्या कशा मेल्या माहीत आहे का..." आन् सुरू! कोंबड्या मेल्या, डीजे जळला, माह्या मायनं पंख्याखालून कसं सरकवलं... सारं सांगतलं त्या पोरीले! चंद्रकुमार साहेब सावलीत झोपून गेले. दिवसभरात त्या पोरीले एकच फोटो भेटला साफ. त्यात काय होतं? सेवकरामजीचं बोट.

तरी पैसे पूर्ण दिले जी, चांगल्या घरचे लोक. जेवले. वांग्याची भाजी दोनदा घेतली, हे मी नाही सांगत, थेच म्हणत होते. जातांनी सेवकरामजीनं इचारलंच... इचाराचं नोहोतं, पण राहावते कुठं... "साहेब, खरं सांगा, नाकाडोंगरीवाला आमच्यापेक्षा दुप्पट घेते. त्याच्याकडं असं काय आहे?"

चंद्रकुमार साहेब म्हणे, "गेलो होतो ना त्यांच्याकडे. ते दिवसभर एक अक्षर बोलले नाहीत. त्याचेच तर पैसे."

गाडी गेली, धूळ खाली बसली, तरी हे तिथंच उभे. "न बोलाचे पैसे, अवो? न बोलाचे? मंग मले काहून नाही सांगतलं कोणी?" जेवले नाही त्या दिवशी. मले वाईट वाटलं. थोडंसं. म्हणजे, माणूस जळते तवा कसा दिसते, थे मी मायच्या घरून पाहूनच राहिली होती, पण हे जळणं नोहोतं, हे विझणं होतं.

मंग मीच म्हटलं, चला, नाकाडोंगरीले जाऊ, पाहून तं येऊ. हर्षा बोलावूनच राहिली होती, फ्रिज दाखवाले. गेलो. सकाळी राजकुमारनं आम्हाले नेलं. उंबराच्या समोर हिरव्या जाळीचा आडोसा, आत पाहुणे, त्यायच्या मांगं आम्ही. राजकुमार असा बसला, का त्याच्या अंगावरून मुंगी गेली तरी हलला नाही. जराशानं एक हरियल आला, खालच्या फांदीवर. अगदी जवळ. एका पाहुण्यानं सेवकरामजीले खूण केली, या, पाहा. यायनं नळीले डोळा लावला.

आन् तुम्हाले सांगते... हे गप्प झाले. त्या पाखराच्या डोळ्यात निळं कडं असते, त्याच्या बाहेर गुलाबी कडं. मीही पाह्यलं मांगून. रोज गाडी घाण करते म्हणून ज्याले शिव्या देल्या, त्याचा डोळा असा असते! सेवकरामजी पाहूनच राह्यले, पाहूनच राह्यले, हलतच नाहीत. मले भेव वाटला जी, मी हात लावून पाह्यला, ताप-बिप आला का म्हणून. डोळे वले झाले होते त्यायचे. मी म्हटलं, चला, निवला माणूस. आता साडभावाले चांगलं म्हणन.

आन् तेवढ्यात काय म्हणावं यायनं? अन् कसं? वरडून! "याच्यापेक्षा जास्त आमच्या वडावर आहेत!"

भुर्रर्र! सारं झाड रिकामं!

मी पदर तोंडावर घेतला. आता राजकुमार हाकलते, हर्षा रडते, मायच्या घरी आता पंखा सोडा, पाटही भेटत नाही... पण पाहुणे वळले जी आमच्याकडं. "जास्त? किती? कुठं?" हे लागले सांगाले, हात पसरून पसरून, आन् राजकुमार सारं आयकत बसला. घास चावल्यासारखा. मंग पाणी पेला. मंग म्हणे, "दादा, येतो मी पाहाले."

आला. वड पाह्यला. छाटलेल्या फांद्या पाहून जरासा थांबला, चुना पाहून तोंड फिरवलं, हसला असन. आन् म्हणे, "माहे पाहुणे इथं आणतो. वडाचं भाडं देतो. जेवण ताईच्या हातचं, त्याचे वेगळे देतो."

आमचे सेवकरामजी कसे फुगले म्हणता! "आन् गाइड मी!"

राजकुमारनं पहिले शेंड्याकडं पाह्यलं. मंग यायच्याकडं पाह्यलं. मंग म्हणे, "दादा, पाहुणे असतेत तेवढा वेळ तुम्ही चौकात चहाच्या टपरीवर बसा. घरी नोको. त्याचे पाचशे देतो."

मले वाटलं आता पेटते हा माणूस! तं नाही जी! डोळे कसे चमकले! दुसऱ्या दिवशी साऱ्या गावाले सांगत सुटले, "राजकुमार न बोलाचे घेते, मले तं घरी नसण्याचे भेटते!" आता पाहुणे येणार असले का पाहाटेलेच इस्त्रीचा सदरा घालून टपरीवर जाऊन बसतेत, आन् तिथं धनीरामले हरियलचा डोळा कसा असते, थे सांगतेत. कायले रागवू त्यायच्यावर? माय म्हणते, पंखाच दोन जवायाच्या मधात लावते आता.

पण माहं आयका ना! मी उभीच होती तिथं राजकुमार बोलला तवा. हातात चहाचा कप घेऊन. राजकुमारनं कप घेतला, चहा पेला, माह्याकडं पाह्यलं आन् म्हणे, "ताई, स्वयंपाक झाला का तुम्हीही शेजारी जाऊन बसा. तुमचे तीनशे."

तीनशे! यायचे पाचशे आन् माहे तीनशे! आता तुम्हीच सांगा जी, एवढ्या वेळचे आयकून राह्यले तुम्ही... मी काय यायच्यापेक्षा कमी बोलते?