फळीवरचं ऊन

हॅलो?… हो ताई, दिपालीच. आवाज असा येतोय कारण तोंडाला रुमाल बांधलाय… धुळीसाठी गं. थांब, सोडते… आता?

हो, घरीच आहे. दुपारचं प्रॅक्टिकल सोडून आले. मॅडमना सांगितलं, डोकं दुखतंय… दुखतंयच की.

नाही… अजून नाही झालं. सुरू केलंय.

अगं ऐक ना! सुरू केलंय म्हणजे खांद्यापासून केलंय. चेहऱ्यापर्यंत पोचले नाही… ओरडू नकोस, तुझा बंटी उठेल.

आई आली का तुझ्याकडे?… नाही? पहिली शिफ्ट सुटली की कंपनीतून परस्पर मारुंजीला जाते म्हणाली होती. बस मिळाली नसेल… काय कारण सांगितलंस तिला? बंटीला ताप?… ताई, नसलेला ताप कशाला सांगायचा? पापड लाटायचेत म्हणायचं… हो, मीच म्हणाले होते की तिला घरापासून लांब ठेव. पण लेकराचा ताप नव्हता सांगायचा.

हो… हो, कळलंय मला. रविवारी ज्योतीरामकाका येणार, गुरुजी येणार. दर्भाचा पुतळा करायचा, तो पप्पा समजायचा आणि त्याला अग्नी द्यायचा. त्या दिवशी घरात त्यांचा दुसरा चेहरा नको. काकांनी मलाही सांगितलंय. फोन करून, मग पुन्हा फोन करून.

आई हो म्हणाली? कधी?… गप्प बसली म्हणजे हो नव्हे, ताई. पप्पा गेल्यापासून ती सगळ्यालाच गप्प बसते. बघ, मीही 'गेले' म्हणायला लागले. कंपनीच्या बससाठी फाट्यावर उभे होते, आणि बस आली तेव्हा तिथे नव्हते. आपल्याला माहीत आहे ते एवढंच. बाकीचं आपण भरलंय.

बरं… बरं बाई, घासते. तुला स्पीकरवर टाकते… येतोय आवाज? हा पॉलिश पेपर.

सहज नाही गं निघत. अ‍ॅक्रिलिक म्हणजे शेवटी प्लास्टिक. घासलं की गरम होतं, मऊ पडतं, आणि खोडरबराच्या चुऱ्यासारखं गुंडाळून निघतं. पाणी लावत लावत घासावं लागतं. खालून एकेक थर येतोय. वर हिरवा, मग निळा, मग पांढरा. कापलेल्या झाडाची वर्तुळं दिसतात ना, तसं दिसतंय खांद्यावर.

चेहरा काढायचाच नव्हता मला! कितीदा सांगू? मला शिकायचं होतं. शिकवायला कुणी नाही, क्लास नाही. मग मोबाइलवर बघून ठरवलं की एकेक पद्धत स्वतःच करून बघायची. लॅबमध्ये करतो तसं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी तेच ठेवायचं. रंग तेच, फळी तीच, फक्त रंग लावायची रीत वेगळी.

हो, पप्पांनी आणलेलीच फळी. मशीनच्या पॅकिंगची. चाकणहून दुसऱ्याच्या टेम्पोत टाकून आणली होती, तुझ्या लग्नात भांडी ठेवायला… तीच. मागच्या बाजूला अजून बाण आहे, 'ही बाजू वर' असा.

पहिली रीत जाड रंगाची. लोण्यासारखा रंग आणि तो थापायला नाईफ. नाईफ नव्हता, म्हणून पप्पांची पुट्टीची पट्टी घेतली. घोरावडेश्वरचा डोंगर काढायला बसले होते. डोंगराचा उतार ओढला, आणि ते नाक झालं… हसू नकोस. मान्य आहे, बंटीचं चित्र बटाट्यासारखं आलं होतं. पण हे नाक त्यांचंच होतं. मग थांबता आलं नाही मला. गाल, भुवया, हनुवटी, खांदे, सगळं एका बैठकीत.

आणि आईने बघितलं. कितीतरी वेळ बघितलं. मग म्हणाली, "जित्या माणसाचं असं एकट्याचं चित्र करत न्हाईत. पुसून टाक." तेव्हा पुसायला हवं होतं, मी झाकलं. ती चूक माझी. वर पांढरा रंग दिला, दोन हात. दिसेनासं झालं.

हो, दिसेनासं झालं म्हणजे समोरून. अगं, रंगाने रंग झाकतो. उंची नाही झाकत.

उंची म्हणजे… नाक फळीपासून बोटभर वर आलेलं आहे ना. त्याच्यावर कितीही थर दिले, तरी ते वरच राहणार. घासल्याशिवाय खाली बसणार नाही.

मग दुसरी रीत केली. रंग पातळ करायचा, पेल्यातून ओतायचा आणि फळी हलवायची. रंग आपोआप पसरतो, नक्षी होते. त्यात चेहरा कुठून येणार? निळा ओतला. तो नाकाच्या दोन्ही बाजूंनी वाहत गेला आणि डोळ्यांच्या खोबणीत साचला. ताई, मी काहीच केलं नव्हतं. रंगाने स्वतःच डोळे भरले.

नाही, घाबरले नाही. कारण कळत होतं ना. पाणी खोलगट जागी जातं. मग तिसरी रीत… हो, घासतेय, घासतेय. आवाज थांबला कारण पाणी घेत होते.

तिसरी कोरड्या ब्रशची. ब्रशवर रंग अगदी थोडा, पुसून पुसून घेतलेला, आणि वरच्यावर फिरवायचा. मला गवत काढायचं होतं. हिरवं. पण कोरडा ब्रश फक्त उंच जागीच रंग सोडतो. पहिल्यांदा भुवया आल्या. मग ओठ. गवत म्हणून ब्रश फिरवत होते, आणि पप्पा वर येत होते. पाण्यातून वर यावं ना, तसे… पुरे कसं, तूच विचारलंस ना इतके दिवस काय करत होतीस म्हणून?

दुसरी फळी घेऊन बघितली की! कागदावरही केलं. तिथे चेहरा येत नाही, छान डोंगर येतो. मला तो डोंगर नको वाटतो.

आणखी एक आहे… सांगू का? चिडणार नाहीस?… संध्याकाळी पश्चिमेच्या खिडकीतून ऊन येतं आपल्याकडे. समोरच्या बिल्डिंगच्या टाकीमागे जाईपर्यंत. ते बाजूने पडतं. बाजूच्या उजेडात उंचवट्यांची सावली पडते. तेव्हा वरचे सगळे रंग राहतात बाजूला आणि नुसता चेहरा उरतो. हसतोय की नाही ते कळत नाही. म्हणून मी कॉलेजला जाताना फळी भिंतीकडे तोंड करून ठेवते.

आणि संध्याकाळी येते, तर ती खिडकीकडे वळलेली असते.

रोज.

वाऱ्याने? ताई, मला एकटीला ती नीट उचलवत नाही, फरपटत न्यावी लागते. वारा कसला?… विचारलं आईला. म्हणाली, "मी कशाला हात लावू त्याला?" मग मी जमिनीवर खडूने रेघ मारली फळीच्या कडेला. दुसऱ्या दिवशी फळी वळलेली, आणि रेघ पुसलेली.

सावलीचं कारण देता येतं मला. वळण्याचं देता येत नाही. म्हणून काल रात्रभर… जाऊ दे. म्हणूनच तर हो म्हणाले तुला. घासून टाकू. मलाही नकोच आहे आता.

हो… गळ्यापर्यंत आले. हनुवटीला लागतंय आता… अगं, हात थांबतोय. तू बोलत राहा. काहीही बोल. बंटीचं सांग… हं… हं… हो का, रंग खाल्ला? कुठला?… मावशीवर गेलाय.

थांब. जिन्यात कुणीतरी आहे.

चप्पल… आईच्या चपलेचा आवाज आहे हा. ताई, आई इकडे आली! तुला फोन केला होता का तिने?… मग ताप सांगितलास, तरी ती नातवाकडे न जाता इकडे कशी आली? … थांब, थांब, हळू बोल. स्पीकर बंद करते.

आई, अगं… मी लवकर सुटले आज… हो, ताईच आहे फोनवर. बंटी बरा आहे म्हणतेय… हो.

ताई, आत आली ती. पिशवी ओट्यावर ठेवली. हातपाय धुतेय.

नाही, झाकायला काही नाही इथे. पाण्याची वाटी, पेपर, सगळं समोर आहे. तिने बघितलं.

स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं तिने.

ताई… खिडकीसमोर ठेवलं. आता फळीच्या एका कोपऱ्याला गुडघा लावून, दुसरा कोपरा ओढून… वळवतेय. किती सहज. रोजची सवय असल्यासारखी. ताई, आईच आहे. रोज आईच होती.

ऊन आलं.

बसलीय स्टुलावर. पदर नीट घेतला. सासऱ्यांसमोर घ्यायची ना, तसा नाही… बाहेर निघताना घेते तसा.

नको, तिला फोन दे म्हणू नकोस. काय बोलणार आहेस? "रविवारचं काय करू" असं विचारणार आहेस तिला, आत्ता?

हात लावतेय. घासलेल्या खांद्यावर. बोटांना पिठासारखं लागलंय. पुसत नाहीये… काय गं आई?… हो, मी घासलं. खांदा गेला. बाकी आहे अजून… नाही, आता नाही घासत.

तिने वाटी पायाने बाजूला सारली.

काय म्हणालीस आई?… कान?

ताई, थांब जरा… कुठला कान?

अगं… कान नाहीतच. मी कानच काढले नव्हते. दोन्ही. गालापाशी थांबले होते आणि… इतक्या रीती करून बघितल्या, आणि माझ्या एकदाही लक्षात आलं नाही.

ती काय म्हणतेय ऐक. म्हणतेय, "तरीच. रोज इतक्या हाका मारते. कान दिलेच न्हाईत तर ऐकू कसं जाईल त्यान्ला?"

…

ताई, आहेस ना?… रडू नकोस. अगं, मला एक सांग, कसे होते त्यांचे कान? मोठे? डोक्याला चिकटलेले?… मलाही नाही आठवत. काहीच नाही आठवत… आई, कसे होते गं?… हं… उजव्याला भोक. लहानपणी टोचलेलं, बुजत आलेलं… हं… आणि पाळी सुटी.

तिला सगळं माहीत आहे.

काकांना तू सांग. काहीही सांग, पण रविवार नको म्हणावं… तो पुतळा नको गं. का म्हणजे? ती अजून हाका मारतेय, ताई.

मला माहीत आहे की ही फळी आहे! पाइनची फळी, वर प्लास्टिक. तुझ्यापेक्षा मला जास्त माहीत आहे.

पट्टी कुठे ठेवली मी?… सापडली. जाड पांढरा आहे अर्धी ट्यूब, दोन कानांना पुरेल. आई, बाजूला सरक जरा, तुझी सावली पडतेय… ऊन टाकीपर्यंत आलंय, ताई, ठेवते मी.

काय आई?… सुकायला?

वरून लगेच सुकेल, पण थर जाड आहे. आतपर्यंत सुकायला उद्या उजाडेल.

हो… उद्या मार हाक.

ठेवते, ताई.