पहिल्याच गोळीत

तियाना : बाबा, रिमोट ठेव खाली. तिसऱ्यांदा हवामान लावलंस.

रादिशा : मी कुठे काय केलं? तुझा हा टीव्हीचा डबाच आगाऊ आहे. पेन ड्राइव्ह खुपसला की लग्न सुरू व्हायला पाहिजे.

लुबिंका : अठ्ठावीस वर्षं थांबलास, आणखी पाच मिनिटं थांब. झ्लात्कोला व्हिएन्नातलं तळघर आवरताना आपल्या लग्नाची कॅसेट सापडली, पोरीने बेलग्रेडला नेऊन तिची फाइल करून आणली. तू नुसता बसून हुकूम सोड.

तियाना : लागलं! हे बघा, आजोबांचं अंगण. पण सगळं असं वरून का दिसतंय?

लुबिंका : झ्लात्कोकाका कॅमेरा घेऊन माळ्याच्या खिडकीत होता ना. तिथूनच माझ्या आबांनी काठी बाहेर काढली होती. अगं बाई, ते बघ सफरचंद लटकतंय! आपली रीतच ती, नवरदेवाने गोळीने ते पाडल्याशिवाय मी दाराबाहेर यायचं नाही.

रादिशा : आणि खाली बंदूक घेतलेला तो देखणा गडी कोण बरं? आता बघ हं. धरला नेम... सुटली गोळी... पडलं! पहिल्याच गोळीत! दाखव हे तुझ्या ओग्न्येनला. सप्टेंबरात त्यालाही आपल्या अंगणात उभं राहायचंय. चष्मा पुसून ये म्हणावं. सफरचंद पडलं नाही, तर पोरगी मिळायची नाही.

तियाना : बाबा, तो दातांचा डॉक्टर आहे. त्याने जन्मात बंदूक धरलेली नाही.

रादिशा : मग दाढा उपटत बस म्हणावं.

लुबिंका : तुमचं पुरे. आवाज का येत नाहीये?

तियाना : या डब्याला जुन्या कॅमेऱ्याचं चित्र कळतंय, आवाज कळत नाही. लॅपटॉपवर फाइल बदलून घ्यावी लागेल. अर्धा तास.

रादिशा : कशाला उगाच खटाटोप? दिसलं ना सगळं. बँडचा गोंगाट काय ऐकायचा!

लुबिंका : मला ऐकायचाय. आबा त्या दिवशी माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत, रादिशा. निरोप देतानाही नाही. पुढे दोन वर्षांत गेलेच. तू त्यांना पसंत होतास, की मी त्यांचं मन मोडून आले, मला आजवर कळलेलं नाही. विचारायची हिंमतच झाली नाही. पाहुण्यांशी तरी काही बोलले असतील.

रादिशा : ...बदल गं पोरी. बदल ती फाइल.

(अर्ध्या तासाने. कॉफी तशीच गार झाली आहे.)

तियाना : आला, आला आवाज!

रादिशा : हा ट्रम्पेटवाला तेव्हाही बेसूरच होता.

लुबिंका : श्श! कोण बोलतंय? कॅमेऱ्याच्या अगदी जवळ... तियाना, मोठा कर.

टीव्हीतला आवाज : बंदूक बघ कशी धरलीय, झ्लात्को. फावडं धरल्यासारखी. आज माझी कौलं फुटणार.

लुबिंका : आबा! आबाच आहेत!

टीव्हीतला आवाज : तो चाकू दे इकडे. कशाला म्हणून काय विचारतोस? सफरचंदाची दोरी इथे खिडकीलाच बांधलीय. त्याने गोळी झाडली की मी कापतो. पोरगी खाली दाराआड उभी आहे, नखं खातेय. तिला हाच हवाय ना? मग मलाही हाच हवा. खाली जाऊन तोंड उघडलं तर रडू फुटेल, म्हणून आज मी गप्पच राहणार. आणि तू कुठे बोललास, तर कॅमेरा विहिरीत! हां... धरतोय नेम... आता!

तियाना : बाबा! तू चुकलास!

रादिशा : ठाऊक आहे मला. सफरचंद उचललं तर त्यावर साधा ओरखडा नव्हता. कुणी बघायच्या आत कचकन चावा घेतला.

लुबिंका : आणि अठ्ठावीस वर्षं फुशारक्या मारतोयस? दर दिवाणखान्यात, दर पाहुण्यासमोर?

रादिशा : मला वाटायचं झ्लात्कोने पाडलं. म्हातारा कापेल, हे स्वप्नातसुद्धा आलं नाही. तो माझ्याकडे बघायचा तर असा, की मी त्याची गाय चोरलीय.

लुबिंका : पुन्हा लाव गं. "मलाही हाच हवा" तिथून.

तियाना : आई, रडतेस?

लुबिंका : हसतेय. रडतेय पण. किती आनंद झालाय मला, तुला नाही कळायचं. लाव तू.

रादिशा : तियाना, त्या ओग्न्येनचा नेम खरंच इतका वाईट आहे?

तियाना : जत्रेत एक फुगा फुटला नाही त्याच्याकडून.

रादिशा : असू दे. माळ्यावर मी असेन. चाकूला धार लावून ठेवतो.