श्रीफळाच्या जागी ड्युरियन

आदरणीय अध्यक्ष वैजयंतीताई, व्यासपीठावरील मान्यवर, आजची उत्सवमूर्ती म्हणजे माझी धाकटी बहीण अर्चना, तिचे यजमान शार्दूलराव आणि साउथहॅम्प्टनच्या आपल्या मंडळातील बंधू-भगिनींनो,

निरोपाला शाल-श्रीफळ द्यायची आपली रीत. पण आज शार्दूलराव म्हणाले, "नारळ नको, आमच्या बागेतलं ड्युरियन ठेवा." म्हणून फणसासारखा दिसणारा, उग्र वासाचा हा काटेरी पाहुणा टेबलावर बसलाय. मागच्या रांगेतल्यांनो, नाकावरचे रुमाल काढा, फोटो निघतायत.

अर्चना इथल्या हॉस्पिटलमधली डॉक्टरकी सोडून सावंतवाडीला ड्युरियन पिकवायला निघाली आहे. धाडस आहे, कौतुकही आहे. पण ही बाग पाहिली कुणी? अर्चनानेही व्हिडिओतच पाहिली. मी विचारलं, तर म्हणते, "ताई, तू ना, सगळ्यांवरच डाउट घेतेस!"

घेते बाई. बंदराजवळच्या गोदामात आलेली फळं तपासणं हेच माझं काम. तिथे नुसत्या शब्दावर विश्वास ठेवला, की नासका माल दुकानात गेलाच म्हणून समजा.

मघाशी शार्दूलराव फार छान बोलले. "आम्ही फळ कापतच नाही. झाडाखाली नेट बांधतो, पिकलं की आपोआप पडतं." टाळ्या मीही वाजवल्या. मग शाल ठेवायच्या निमित्ताने फळ उचलून पाहिलं. सवय, दुसरं काय! ड्युरियनच्या देठाला एक गाठ असते. आपोआप पडणारं फळ त्या गाठीशीच तुटतं. या फळाची गाठ शाबूत आहे आणि तिच्या वर बोटभर देठ सुरीने सरळ कापलेला आहे. अशी फळं मी कामावर रोज हाताळते. ती कंटेनरमधून येतात, सावंतवाडीहून नाही.

"ताई, प्लीज, इथे नको," असं शार्दूलराव हळूच म्हणतायत. मग कुठे? घरी बागेचा पत्ता विचारला, तेव्हाही "नंतर बोलू" म्हणालात.

मला भीती वाटते, हो. बहीण आहे माझी. तिचा राजीनामा उद्यापर्यंत मागे घेता येतो, त्यानंतर नाही.

मंडळाने मला बोलू दिलं, मनापासून आभारी आहे. चांगल्या कार्यक्रमात मिठाचा खडा टाकला असेन, तर मोठ्या मनाने पोटात घाला. शार्दूलराव, तुम्ही बसा. अर्चना, ते फळ हातात घे. त्यांच्याकडे नको बघूस, देठाकडे बघ.