मीटरच्या कपाटातली निळी फळी

— नाही नाही, बूट राहू द्या, फक्त दार लावून घ्या, वारा आत येतो आणि मांजर बाहेर जाते. मशीन इथेच आहे, मीटरच्या कपाटात — सांभाळून, वर पाण्याचा पाइप आहे, माझ्या डोक्याला रोज लागतो. तर फोनवर तुम्ही विचारत होतात, कंटेनर की व्हर्च्युअल मशीन. अहो, त्याच प्रश्नानं वर्षभर माझं डोकं खाल्लंय. खरं तर साधी गोष्ट. घरचे सिनेमे, मालिका, फोटो एका मशीनवर ठेवायचे आणि टीव्हीवर बघायचे, एवढंच ना? त्यात प्रत्येकाचं वेगळं ठेवायचे दोन मार्ग. कंटेनर म्हणजे एका घरातल्या खोल्या. प्रत्येकीला आपापलं दार, पण विजेचा मीटर एक, पाण्याचा नळ एक, आणि घरमालकाला कुठं काय चाललंय ते दिसतं. व्हर्च्युअल मशीन म्हणजे त्याच जागेत उभं केलेलं दुसरं घर — मीटर वेगळा, कुलूप वेगळं, किल्ली ज्याची त्याच्याकडे. पण मेमरी भरपूर खातं. म्हणून तर हे मोठं घेतलं होतं. आता कशाला विकतो? सांगतो ना. उभे काय, बसा. कॉफी तयारच आहे.

हे घ्या बिस्कीट. डबा — बघा, लगेच झाकण लावलं मी, एका कॉफीला एकच बिस्कीट ही आमच्याकडची रीत, हात आपोआपच जातो. येत्स्के असती तर म्हणाली असती, वोप्के, पाहुण्याला दुसरं तरी विचार. घ्या दुसरं. येत्स्के म्हणजे माझी बायको. नाही हो, तसं काही नाही, ठणठणीत आहे, कालव्यापलीकडे राहते. घटस्फोट वगैरे नाही. संसार एक, घरं दोन, आमच्या गल्लीत तशी तीन जोडपी आहेत, त्यात काही विशेष नाही. शनिवारी ती इकडे जेवायला येते. यायची. येते — मधे दोन-तीनदा जमलं नाही तिला. तिचं म्हणणं काय, की मी स्वस्थ बसत नाही. ती विणकाम घेऊन कोचावर बसणार, मालिका लावणार, आणि मी इथं कपाटात डोकं घालून — एक मिनिट गं, फक्त एक अपडेट — की पडदा काळा. खून कोणी केला ते कळायच्या आतच काळा. पण अपडेट करायला नको? तुम्हीच सांगा. सोमवारी केलं तर चाललं नसतं का, असं तीही विचारायची. चाललं असतं. पण माझ्या हाताला शनिवारीच खाज सुटते.

तर ती तिकडे गेली तरी तिच्या टीव्हीवर जे दिसतं ते इथूनच जातं, माझ्या मशीनवरून. तिची लाइन मीच ओढून दिली, तिच्या मीटरच्या कपाटात निळी फळीही मीच ठोकली. मग ती म्हणाली, माझं वेगळं करून दे, किल्ली माझ्याकडे राहू दे. म्हटलं, करतो. हे मशीन त्यासाठीच आणलं. आणि मग — कंटेनर पुरतात हो. तिच्या चार मालिकांसाठी अख्खं दुसरं घर कशाला उभं करायचं? तांत्रिक कारण आहे, दुसरं काही नाही. म्हणजे — इकडे या, हा पडदा बघा. हा ठिपका हिरवा झाला की समजायचं, पलीकडे टीव्ही लागला. ती काय बघते ते मी बघत नाही. बघतो. बागकामाचं लावलं असलं की बरी असते. तीच ती जुनी डॅनिश पोलिसांची मालिका लावली की पाठ दुखत असते, नक्की. मग मी सकाळी सहज फोन करतो, काय गं, पाठ कशी आहे? ती म्हणायची, तुला कसं कळलं? मी म्हणायचो, हवा बदललीय ना. त्यात वाईट काय आहे? काळजीच केली ना मी? फक्त बुधवारी ठिपका पेटत नाही. लाइन खराब असणार म्हणून मी दोनदा राउटर बदलला. तरी पेटत नाही.

मागच्या आठवड्यात पुन्हा पाठीचं विचारलं, तर कसं कळलं ते तिनं विचारलंच नाही. मग म्हणाली, राहू दे वोप्के ते वेगळ्या मशीनचं, माझं मी बघते. म्हणजे मिटलं. मला तर हायसं वाटलं. त्याच दिवशी जाहिरात दिली.

तुम्ही कुठं लावणार? मैत्रिणीकडे. गाण्याच्या मंडळातल्या, बरं. आपण काय बघतो ते कोणाला दिसू नये म्हणतात? रास्त आहे, कोणालाही वाटेल. मग त्यांना कंटेनर लावून द्या, बिनधास्त. मशीनच त्यांचं, घरच त्यांचं, मग वेगळं कुलूप कशाला? जागा मात्र हवेशीर पाहिजे. कपाटात फळी आहे का? निळी, म्हणता. पाण्याच्या मीटरच्या वर. एका बाजूला जराशी —

उतरती. हो, उतरतीच आहे ती. भिंतच वाकडी आहे तिथली. मी दोनदा काढून लावली.

मंडळ बुधवारी असतं ना?

नाही, तुम्हाला माहीत नव्हतं, ते दिसतंय तुमच्या तोंडावर. कप ठेवा तिथंच, मी विसळतो. मशीन घेऊन जा. अहो घ्या, ठरलंय ना आपलं, आणि ही वायर, हिच्याशिवाय चालायचं नाही. वायरची बाजू फळीच्या वरच्या अंगाला ठेवा, नाहीतर घसरतं. पंखा कमीवर ठेवा, तिला घरघर सहन होत नाही. आणि शनिवारी अपडेट करू नका. काही झालं तरी शनिवारी नाही.

आजच लावणार? उद्या लावलंत तर — नाही, आजच लावा. निघा आता. दार ओढून घ्या, मांजर जाईल.